सहीचा कागद पुढे करण्याआधी

प्रति,
अध्यक्ष व कार्यकारी मंडळ, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स,
आणि अमेरिकेत बाळंतपणं करणारे, नवजात बाळं तपासणारे सर्व मराठी डॉक्टर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी रायगड जिल्ह्यात ३१ वर्षं सरकारी परिचारिका होते. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं प्रसूतिकक्षात आणि लहान मुलांच्या वॉर्डात गेली. इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. गेल्या हिवाळ्यात लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी अळीव, डिंक, खारीक बॅगेत भरून न्यू जर्सीला आले. नातू झाला. माझं परतीचं तिकीट पुढच्या आठवड्यातलं आहे, आणि त्याआधी नवजात मुलग्यांच्या सुंतेबद्दलचं हे पत्र लिहून हातावेगळं करायचं ठरवलं आहे. लेक त्याचं इंग्रजी करून अकॅडमीकडे पाठवणार आहे. मराठीत मुद्दाम लिहिते आहे, कारण माझ्यासारख्याच बॅगा भरून इकडे निघालेल्या आज्यांनी आणि दिवस गेलेल्या लेकी-सुनांनी हे आधी वाचावं असं मला वाटतं.

बाळ पहाटे जन्मलं. लेकीने २२ तास कळा सोसल्या होत्या. दूध अजून उतरलं नव्हतं, टाके दुखत होते. सकाळी आठच्या सुमारास एक तरुण डॉक्टर आली. हसतमुख, गोड बोलणारी. तिने विचारलं, ‘सर्क आज करायची की उद्या?’

करायची का, असा प्रश्नच नव्हता. लेकीला तो तोडका शब्द कळला नाही. मलाही लक्षात यायला क्षणभर लागला, की ही बाळाची सुंता करण्याबद्दल विचारते आहे. आम्ही विचार करून सांगतो म्हटलं. दोन दिवसांत तोच प्रश्न चार वेळा आला. चौथ्यांदा रात्री अडीच वाजता, रक्तदाब घ्यायला आलेल्या सिस्टरने विचारला. त्या सिस्टरचा मला राग नाही. रकाना रिकामा राहिला की सकाळी बोलणी कोणाला बसतात, हे मला चांगलं ठाऊक आहे.

बरोबर एक माहितीपत्रक होतं. त्यात ठळक अक्षरात लिहिलेलं, की बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीच्या मते सुंतेचे फायदे तिच्या जोखमींपेक्षा जास्त आहेत. ते वाचून जावई गोंधळले. ‘एवढ्या मोठ्या संस्थेने सांगितलंय, आई. आणि इथे सगळ्यांचीच झालेली असते. उद्या शाळेत पोराला वेगळं वाटायला नको.’ त्यांचंही बरोबर होतं. बापाला आपल्या मुलाचं भलंच हवं असतं, आणि समोर तुमचं नाव होतं.

म्हणून मी लेकीच्या लॅपटॉपवर तुमचं २०१२ चं धोरण उघडून बसले. इंग्रजी हळूहळू वाचते, पण वाचते. जे वाक्य पत्रकात छापलं होतं ते तिथे सापडलं. फक्त ते तिथे संपत नव्हतं. पुढे तुम्हीच म्हटलं आहे, की हे फायदे इतके मोठे नाहीत की सगळ्या नवजात मुलग्यांची सरसकट सुंता करण्याची शिफारस करावी. निर्णय आईबापांनी घ्यावा. आईबापांच्या हाती अर्धं वाक्य दिलं जातं आणि सही मात्र पूर्ण घेतली जाते. ही माझी पहिली तक्रार आहे, आणि हे पत्र लिहायला मी बसले ती याच कारणाने. पत्रक त्या रुग्णालयाने छापलं हे खरं. पण नाव तुमचं वापरलं जातं. आपलं वाक्य अर्ध्यात तोडलं जात असेल तर ते पाहणं तुमचं काम आहे.

त्या वाक्यापासून मागे मागे वाचत गेले, तेव्हा दीडशे वर्षांचा इतिहास समोर आला. तो एकाही आईबापाला सांगितला जात नाही. मला तो इथे सांगायचा आहे.

त्याची सुरुवात १८७० सालच्या न्यूयॉर्कमधली, आणि तिच्यात एक नर्स आहे, म्हणून ती माझ्या डोक्यातून जात नाही. लुईस सेअर हे हाडांचे नामांकित सर्जन. त्यांना पाच वर्षांच्या एका मुलाला बघायला बोलावलं. मुलाचे गुडघे वाकलेले, उभं राहता येईना, सगळ्यांना वाटत होतं लकवा आहे. सेअर पाय तपासत असताना मुलाला सांभाळणाऱ्या नर्सने त्यांना सांभाळून हात लावायला सांगितलं, कारण त्याची शूची जागा फार दुखरी होती. सेअर यांनी पाहिलं तर पुढची कातडी घट्ट आवळलेली आणि लालभडक. त्यांनी निष्कर्ष काढला, की त्या जागेच्या नसांना सतत टोचणी लागल्यामुळेच पाय लुळे पडले. बेलव्ह्यू रुग्णालयात त्यांनी मुलाची सुंता केली. काही आठवड्यांत मूल चालू लागलं.

त्या मुलाची दुखरी जागा बरी झाली, याचा मला आनंदच आहे. नर्सने बरोबर तेच सांगितलं होतं, की दुखतंय. पण डॉक्टरांनी त्या एका दुखऱ्या जागेतून सगळ्या शरीराचा सिद्धांत उभा केला. त्याच वर्षी सेअर यांनी तो अमेरिकन मेडिकल असोसिएशनपुढे मांडला, आणि १८८० मध्ये ते त्या संघटनेचे अध्यक्ष झाले. मग अपस्मार, हर्निया, अंथरुणात लघवी होणं, वेड लागणं, सगळ्याची मुळं त्या कातडीत दिसू लागली. मज्जातंतू एकमेकांना जोडलेले, म्हणून एका ठिकाणची चुरचुर दुसरीकडे आजार काढते, हा त्या काळचा समज होता. तो समज पुढे मावळला. शस्त्रक्रिया राहिली.

मुलांचं हस्तमैथुन हा त्या काळात भयंकर रोग मानला जाई. मिशिगनमधल्या बॅटल क्रीकचे डॉ. जॉन हार्वे केलॉग, ज्यांचं नाव कॉर्नफ्लेक्सशी जोडलेलं आहे, त्यांनी त्यावर उपाय म्हणून सुंता सुचवली आणि ती भूल न देता करावी असं लिहिलं, म्हणजे वेदनेचा मुलाच्या मनावर शिक्षेसारखा परिणाम होईल. हे मी दोनदा वाचलं. वॉर्डात मुलांना इंजेक्शन देतानासुद्धा आम्ही ‘झालं हं, झालं’ म्हणत दिलं आहे. वेदना हाच उपचार, असं लिहिणारा डॉक्टर माझ्या कल्पनेत बसत नाही. सॅन दिएगोचे डॉ. पीटर रेमोन्दिनो यांनी तर १८९१ मध्ये सुचवलं, की ज्याची सुंता झालेली नाही त्याला विमा कंपन्यांनी धोक्याचा ग्राहक धरावं.

लंडनमध्ये जोनाथन हचिन्सन यांनी १८५५ मध्येच पाहिलं होतं, की त्यांच्या रुग्णालयात येणाऱ्या ज्यू पुरुषांत इतरांपेक्षा उपदंश हा गुप्तरोग कमी दिसतो, आणि त्याचं श्रेय त्यांनी सुंतेला दिलं. त्या दोन समाजांचं राहणं, वागणं, लग्नसंबंध वेगळे होते, याचा हिशेब कोण करणार? पुढे हेच हचिन्सन हस्तमैथुन थांबवण्यासाठीही सुंता सुचवू लागले.

विसाव्या शतकात जंतू आले, मग कर्करोग आला. १९३२ मध्ये अब्राहम वोल्बार्स्ट यांनी शिश्नाच्या कर्करोगाकडे बोट दाखवलं. १९४२ मध्ये अब्राहम रॅविच यांनी प्रोस्टेटच्या कर्करोगाकडे. १९५० च्या दशकात बायकांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा दोष नवऱ्याच्या कातडीखालच्या मळावर ठेवला गेला. इथे आपल्या मुंबईच्या नोंदी मोलाच्या आहेत. मुंबईत पारशी बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग हिंदू बायकांपेक्षा कमी आढळायचा, आणि पारशांत सुंता करत नाहीत. एवढ्या एका गोष्टीने तो सरळसोट तर्क अडखळायला हवा होता. खरं कारण ह्युमन पॅपिलोमा विषाणू, हे हॅराल्ड त्सूर हाउझेन यांनी दाखवलं आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज त्यावर लस आहे, मुलींना आणि मुलग्यांनाही. सुंतेने त्या विषाणूचा प्रसार काहीसा कमी होतो असं अलीकडचे अभ्यास सांगतात, ते मी नाकारत नाही. पण लस हातात असताना नवजात बाळावर शस्त्र कशाला?

इंग्लंडची वाट वेगळी झाली, आणि ती एका माणसाने नीट मोजमाप केल्यामुळे. केंब्रिजचे डॉ. डग्लस गेर्डनर यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला. त्यांनी बाळं तपासली आणि सांगितलं, की जन्माच्या वेळी जेमतेम ४ टक्के मुलग्यांची कातडी पूर्ण मागे जाते. म्हणजे न जाणं हाच नियम. नखाखालच्या मांसाला नख जसं धरून असतं तशी ती कातडी आतल्या बोंडाला धरून असते आणि वयाप्रमाणे आपोआप सुटते. त्यांनी मृत्यूच्या नोंदीही काढल्या. इंग्लंड-वेल्समध्ये दरवर्षी साधारण १६ लहान मुलं या शस्त्रक्रियेपायी जात होती, बरीचशी भूल देताना. नवी राष्ट्रीय आरोग्यसेवा नुकतीच सुरू झाली होती. कारण नसताना केलेल्या सुंतेचा खर्च तिने उचलला नाही. एका पिढीत तिथली प्रथा ओसरली. इंग्रज मुलं त्यानंतर लकव्याने किंवा अपस्माराने आजारी पडत सुटली नाहीत.

डेन्मार्कचे याकोब ओस्टर यांनी तर शाळेतल्या १,९६८ मुलग्यांना वर्षानुवर्षं तपासलं. १९६८ मध्ये छापलेले त्यांचे आकडे मी लेकीच्या फ्रिजवर लावून ठेवले आहेत. सहा-सात वर्षांच्या मुलांत ८ टक्क्यांची कातडी घट्ट होती, सोळा-सतराव्या वर्षी १ टक्का. काहीही न करता.

आता तुमचाच इतिहास. १९७१ मध्ये तुम्ही म्हटलं, नवजात बाळाची सुंता करायला कोणतंही वैध वैद्यकीय कारण नाही. १९७५ मध्ये जवळपास तेच. १९८५ मध्ये एका अमेरिकन लष्करी रुग्णालयातल्या बाळांच्या नोंदींवरून थॉमस विझवेल यांनी दाखवलं, की सुंता झालेल्या मुलग्यांना पहिल्या वर्षी मूत्रमार्गाचा संसर्ग कमी होतो. १९८९ मध्ये तुम्ही भूमिका बदलली, की संभाव्य फायदेही आहेत आणि तोटेही. १९९९ मध्ये, फायदे आहेत पण शिफारस करण्याइतके नाहीत. २०१२ मध्ये, फायदे जास्त, पण सरसकट शिफारस नाहीच. विज्ञानात मत बदलतं, बदलायला हवंही. त्यासाठी तुम्हाला कोणी दोष देऊ नये. पण इतकी वेळा मत बदललेली संस्था आईबापांसमोर येते तेव्हा तिचा आवाज एवढा खात्रीचा का? पाच देशांतल्या नव्हे, एकाच देशातल्या, एकाच संस्थेच्या बालरोगतज्ज्ञांनी चाळीस वर्षांत पाच वेळा वेगवेगळे शब्द वापरले, हे पत्रकात दोन ओळींत लिहिता आलं असतं.

तुमच्या २०१२ च्या अहवालातच आकडे आहेत, तेही पत्रकात नाहीत. मूत्रमार्गाचा एक संसर्ग टाळायला सुमारे १०० सुंता कराव्या लागतात, आणि हा संसर्ग औषधाने बरा होतो. शिश्नाचा एक कर्करोग टाळायला किती, याचे तुम्ही दोन अंदाज दिलेत: एक ९०९, दुसरा ३,२२,०००. या दोन आकड्यांत जेवढं अंतर आहे तेवढीच आपली या बाबतीतली अनिश्चितता आहे. जावयांना हे आकडे वाचून दाखवले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘हे आधी का नाही सांगत?’

एचआयव्हीचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण तो सगळ्यात भक्कम आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज फार्मचा अभ्यास २००५ मध्ये आला. केनियातल्या किसुमू आणि युगांडातल्या राकाईचे २००७ मध्ये. सुंता केलेल्या पुरुषांना स्त्रीसंबंधातून एचआयव्ही लागण्याचा धोका साधारण ६० टक्क्यांनी कमी झाला. जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर मोहीम उभी केली आणि आफ्रिकेत तिचा उपयोग झाला. पण त्या अभ्यासांतले सगळे पुरुष स्वतःहून आलेले, संमती दिलेले, १५ ते ४९ वर्षांचे होते. त्याच संघटनेने २०२० मध्ये आपल्या शिफारशीत वयाची अट १५ वर्षं आणि त्यापुढे ठेवली, त्यात स्वतःच्या संमतीचाही विचार होता. साथ असलेल्या प्रदेशातल्या मोठ्या माणसाचा पुरावा न्यू जर्सीतल्या दोन दिवसांच्या बाळाला कसा लावायचा? आणि लावायचाच तर त्यातला संमतीचा भाग का वगळायचा?

२०१३ मध्ये ३८ डॉक्टरांनी, बहुतेक युरोपातल्या, तुमच्याच नियतकालिकात लिहिलं, की तुमच्या निष्कर्षावर अमेरिकन सवयीची छाया आहे. तुम्ही उत्तर दिलंत, की सवयीची छाया त्या टीकाकारांवरही असू शकते. ते उत्तर मला पटलं. माझ्यावरही आहे. माझ्या घरात, माझ्या जातीत, गावात ही प्रथा नाही, म्हणून मला कागद बघून धक्का बसला. ज्यांच्याकडे ही प्रथा आहे त्यांना बसला नसता. म्हणूनच म्हणते, सवय सवयीच्या जागी असू द्या आणि तिला वैद्यकीय सल्ल्याचा कोट घालू नका.

धर्माबद्दल एक गोष्ट इथेच स्पष्ट करते. अलिबाग, रेवदंडा, पेण या पट्ट्यात बेने इस्रायली राहत आले. आपल्यासारखी मराठी बोलणारे, तेलाच्या घाण्यांवरून आणि शनिवारच्या सुट्टीवरून ज्यांना लोक शनिवार तेली म्हणत. जगातल्या इतर ज्यूंपासून कित्येक शतकं तुटलेले असताना ज्या मोजक्या गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत, त्यात शनिवार पाळणं होतं आणि आठव्या दिवसाची सुंता होती. त्यांच्यापैकी एक सिस्टर माझ्याबरोबर ड्यूटीला असायच्या. कोकणी मुसलमानांच्या घरच्या खतन्याची गोड जेवणंही आम्ही जेवलो आहोत. त्यांचा त्यांच्या देवाशी असलेला करार हा माझ्या पत्राचा विषय नाही, आणि कोणी हे पत्र त्यांच्याविरुद्ध वापरू नये. ती माणसं काय करतात आणि का करतात हे त्यांना माहीत असतं. माझी तक्रार आहे ती डॉक्टरी कागदाबद्दल, जिथे कारण कोणालाच नीट सांगता येत नाही. १९७९ मध्ये अमेरिकन रुग्णालयांत जन्मलेल्या मुलग्यांपैकी ६४.५ टक्क्यांची सुंता तिथेच झाली, २०१० मध्ये ५८.३ टक्क्यांची, पश्चिमेकडच्या राज्यांत ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ‘सगळ्यांचीच असते’ हेही खरं नाही.

वेदनेबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. मी नोकरीला लागले तेव्हा आम्हालाही सांगितलं जाई, की नवजात बाळाला वेदना कळत नाहीत, ते नुसतं रडतं. भारतीय वंशाचे डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ मध्ये तो समज मोडून काढला. १९९७ मध्ये कॅनडात सुंतेच्या वेळच्या भुलीचा अभ्यास झाला, त्यात भूल न दिलेल्या बाळांचे हाल पाहून तो अभ्यास आधीच थांबवावा लागला. सुंतेच्या वेळी वेदनाशमन दिलंच पाहिजे हे तुमच्या धोरणात १९९९ मध्ये आलं. आम्हाला मिळालेल्या कागदावर ‘साखरेचं पाणी देण्यात येईल, आवश्यक वाटल्यास स्थानिक भूल’ असं होतं. नुसतं साखरेचं पाणी पुरेसं नाही हे तुम्ही २०१२ मध्ये लिहिलेलं आहे. बाळाला ज्या साच्याच्या फळीवर हातपाय पट्ट्यांनी बांधून ठेवतात ती फळी मी त्या वॉर्डात पाहिली. तिच्यावर माझा नातू झोपवला गेला नाही. दुसऱ्या कोणाचा तरी गेला असेल.

आम्ही सही केली नाही. तरी गोष्ट तिथे संपली नाही, आणि ही तक्रार मला सगळ्यात जास्त लागलेली आहे. दोन महिन्यांच्या लसींसाठी बाळाला नेलं तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरांनी लंगोट उघडला, ‘अरे, याची झालेली नाही,’ असं म्हणत अंगठ्याने कातडी जोरात मागे ओढली. बाळ निळंजांभळं होऊन रडलं. लंगोटावर रक्ताचे ठिपके पडले. वर सल्ला मिळाला, रोज आंघोळीच्या वेळी अशीच मागे घेऊन धूत जा. नंतर आठवडाभर शू करताना ते कळवळत होतं. त्या डॉक्टरांचं नाव मी लिहीत नाही. त्यांनी वाईट हेतूने केलं असंही मला वाटत नाही. त्यांनी आयुष्यभर सुंता झालेलीच बाळं बघितली असावीत. न झालेलं अंग कसं असतं हे त्यांना कोणी शिकवलंच नसावं. कातडी ओढू नये, ती आपोआप सुटते, हे तर तुमच्याच आईबापांसाठीच्या सूचनांत आहे.

मला हा प्रकार नवा नाही. आपल्याकडे मालिश करणाऱ्या बाया हेच करतात. बाळाला पायांवर आडवं घेऊन, तेल सोडून, ‘मोकळी करायला हवी’ म्हणत कातडी मागे सारतात. मी तीस वर्षं त्यांच्याशी हुज्जत घातली. ओढलेल्या कातडीला बारीक चिरा पडतात, त्या भरताना वण येतो, आणि मग खरोखरच जी घट्ट नव्हती ती घट्ट होते. कधी मागे गेलेली कातडी तिथेच अडकते, बोंड सुजतं, आणि रात्री-अपरात्री पोराला घेऊन धावाधाव होते. सुश्रुताने या अडकण्याला परिवर्तिका आणि घट्टपणाला निरुद्धप्रकश अशी दोन वेगळी नावं दिलेली आहेत, आणि घट्टपणावर त्याने आधी तूप लावलेली नळी घालून, तिची जाडी हळूहळू वाढवत नेण्याचा उपाय सांगितला आहे. मालिशवाल्या बाईला हे माहीत नव्हतं, तिला मी समजावलं. पदवीधर बालरोगतज्ज्ञाला कोणी समजवायचं?

मराठी डॉक्टरांनो, आता तुमच्याशी बोलते, इथल्या आणि तिकडच्याही. पुण्या-मुंबईत दीड-दोन वर्षांच्या पोराच्या कागदावर ‘फायमोसिस’, म्हणजे कातडीचा रोगट घट्टपणा, असं लिहून शस्त्रक्रियेची तारीख दिलेली मी पाहिली आहे. शू करताना कातडी थोडी फुगते एवढ्यावर आया घाबरून जातात. खरा फायमोसिस असतो, मला मान्य आहे. पांढरा, कडक, वण आलेला कडा, वारंवार होणारा संसर्ग, लघवी अडणं, तेव्हा शस्त्रक्रिया लागते आणि ती करावी. त्याआधी स्टिरॉइडचं मलम काही आठवडे लावून पाहता येतं, आणि बहुतेकांना तेवढ्याने गुण येतो. पण निरोगी तान्ह्या बाळाच्या नैसर्गिक अवस्थेला रोगाचं नाव देऊ नका. इथे राहणाऱ्यांनो, तुमच्याकडे मराठी आई येते तेव्हा ती तुमच्यावर विसंबून असते, कारण तुम्ही तिच्या भाषेत बोलता. तिला पूर्ण वाक्य तुम्हीच सांगू शकता.

माझ्या मागण्या अशा आहेत.

तुमचं वाक्य पूर्ण छापलं जाईल याची जबाबदारी घ्या. ज्या पत्रकावर अकॅडमीचं नाव आहे त्यावर फायद्यांच्या शेजारी, त्याच अक्षरात, ‘सरसकट शिफारस नाही’ हेही असलं पाहिजे, आणि तुमच्या अहवालातले १००, ९०९ आणि ३,२२,००० हे आकडेही.

प्रश्न गरोदरपणी विचारा, सातव्या-आठव्या महिन्यात, आईबाप दोघांचीही झोप झालेली असताना. एकदा उत्तर मिळालं की ते कागदावर नोंदवा आणि पुन्हा विचारू नका. प्रसूतीनंतरच्या दोन दिवसांत, रात्री तर कधीच नाही. प्रश्नही ‘कधी’ असा नसावा.

जिथे सुंता होईल तिथे योग्य स्थानिक भूल दिल्याशिवाय होऊ नये, आणि ‘आवश्यक वाटल्यास’ हे शब्द संमतीपत्रातून काढावेत.

तुमच्या प्रत्येक सदस्याला आणि शिकाऊ डॉक्टरला सुंता न झालेल्या मुलाचं अंग कसं तपासायचं हे शिकवा. ओस्टर यांचे आकडे अभ्यासक्रमात ठेवा. कातडी ओढल्याने बाळाला इजा झाली तर ती नोंदवण्याची सोय करा. आज तशी नोंद कुठे करायची हे आम्हाला कोणीही सांगू शकलं नाही.

तुमच्या धोरणांवर छापलेलं असतं, की पाच वर्षांत पुन्हा मान्य केलं नाही तर धोरण आपोआप बाद होतं. २०१२ च्या धोरणाची जागा घेणारं नवं धोरण आलेलं नाही, आणि तरी त्याच्या नावावर सह्या घेतल्या जात आहेत. नवं लिहा. लिहिताना समितीत सुंता न करणाऱ्या देशांतले डॉक्टर घ्या, आणि १८७० पासूनचा इतिहास त्यात सविस्तर ठेवा, आईबापांना वाचता येईल अशा भाषेत.

सहाव्या महिन्याच्या तपासणीला मी इथे नसेन. बाळाच्या फाईलच्या पहिल्या पानावर लेकीने मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं आहे, की कातडीला हात लावू नये. जावई त्या दिवशी रजा काढून बरोबर जाणार आहेत.

आपली,
एक निवृत्त परिचारिका आणि आजी
रायगड जिल्हा, सध्या मुक्काम न्यू जर्सी